पायरीची भीती कोणाच्या सोयीची?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. गंमत म्हणजे ते मला माझ्याच ऑफिसात, समोरच्या खुर्चीत बसून ऐकवलं जातं. ऐकवणारा तोवर आलेला असतोच. फक्त उशिरा आलेला असतो.

मागे मार्चमध्ये असेच एक गृहस्थ आले. साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत कागद. चुलतभावाला उसने दिलेले 4 लाख, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलेले, खाली दोन साक्षीदार आणि नोटरीचा गोल शिक्का. कागद चांगला होता. ज्युनियरने तारीख पाहिली, बोटांवर मोजली, पुन्हा मोजली आणि माझ्याकडे बघत राहिला. पैसे देऊन 3 वर्षं 11 दिवस झाले होते. “इतके दिवस का थांबलात?” तर म्हणे, “वडील सांगून गेलेत, कोर्टाची पायरी चढायची नाही.”

1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे असा उसनवारीचा दावा पैसे दिल्यापासून 3 वर्षांच्या आत लावायचा असतो. अपिलाला उशीर झाला तर कलम 5 खाली कारण दाखवून माफी मागता येते. दाव्याला ती सवलत नाही. मुदतीच्या आत भावाकडून ‘देणे आहे’ एवढी एक ओळ सहीनिशी घेतली असती, तरी तिथून 3 वर्षं नव्याने सुरू झाली असती. त्या ओळीसाठी पायरी चढावी लागत नाही. समोरचा चहा निवेपर्यंत मसुदा टाइप होतो. आता त्यांच्या हाती एकच वाट उरली होती. भावाने आपणहून पुन्हा लेखी वचन दिलं, तर 1872 च्या करार कायद्याचं कलम 25 मुदतबाह्य देण्यालाही जीव देतं. पण तीन वर्षं टोलवणारा भाऊ आता कशाला लिहून देतोय?

म्हणीची बाजू घेणारे मूर्ख आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांची तक्रार खरी आहे आणि तिला पुरावा आमच्याच कोर्टात रोज तयार होतो. सकाळी अकराला पुकारा सुरू होतो. बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं, त्यातली दोन-चार चालतात, बाकीच्यांच्या डायरीत पुढची तारीख. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 17 सांगतो की एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत. कैफियतीला 30 दिवस, फार तर 90. प्रत्यक्षात कोणत्याही जुन्या दाव्याचा रोजनामा उघडावा. तहकुब्या मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत.

आणि तारखा घेतं कोण? समन्स ‘सदर इसम पत्त्यावर मिळून आले नाहीत’ या शेऱ्यासह परत येतं. न्यायाधीशांची बदली होते. ‘वकील परगावी आहेत, मुदत मिळावी’ हा अर्ज मीही दिलेला आहे, आणि दर वेळी परगावी होतोच असं नाही. शिवाय ज्याला तारखांचा कंटाळा आलाय तोच पक्षकार डिसेंबरात फोन करतो, “साहेब, ऊसतोड लागलीय, या खेपेला पुढची घ्या.” सगळं मान्य. पण हे दुखणं पायरी चढल्यानंतरचं आहे. म्हण त्यावर औषध देते ते असं की, उशिराच्या आधी आणखी थोडा उशीर करा.

म्हणीची दुसरी गफलत अशी, की तिने वकिलाचं ऑफिस आणि कोर्टाची पायरी एकच धरली. आमच्या दिवसाचा मोठा भाग कोर्टाबाहेर जातो: नोटिसा, खरेदीखताचे मसुदे, दुय्यम निबंधकाकडे शोध, जुने फेरफार वाचणं. इथे वेळेवर आलेला माणूस पुढे बोर्डावर येतच नाही. भाड्याने फ्लॅट देणारा म्हणतो, “नोटरी केलीय, बास झालं.” महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वाचवायचे होते हजार-दोन हजार.

चेक न वटल्याचंही तसंच. बँकेचा मेमो हाती आल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे, आणि आमचा व्यापारी पहिले दोन महिने “देतो, देतो” ऐकण्यात घालवतो.

‘पण वकिलाकडे जायचं म्हणजे फी आली.’ आली. ज्या ज्युनियरने ते 11 दिवस मोजले, त्याच्या पेट्रोलचे पैसे निघतील एवढी तरी यावी. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये ज्युनियरांना शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये मानधन द्यावं अशी शिफारस केली. ते परिपत्रक आमच्या बाररूममध्ये सगळ्यांनी वाचलं, आणि विषय क्रिकेटवर गेला.

माझा खरा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. ही म्हण सांगतं कोण, ते एकदा नीट पाहावं. ज्याच्या ताब्यात जमीन आहे तो सांगतो, ज्याने पैसे दाबलेत तो सांगतो. ताबा नसलेल्याला ती ऐकावी लागते. बहिणीला तर हमखास. बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलगी 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून त्याची वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मतः हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला, आणि त्यासाठी बाप तेव्हा हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. फीची अडचण म्हणाल तर 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. विधी सेवेचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. म्हणजे त्याच पायरीपाशी, जी चढायची नाही असं तिला सांगितलेलं असतं.

परवा एक बाई आल्या. दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्राच्या नोंदणीला जायचं होतं. भावाने सांगितलं होतं, “ताई, नुसती सही आहे, सातबाऱ्यावरचं नाव कमी करायला.” त्यांनी मसुद्याची झेरॉक्स आणली होती, घरी न सांगता. मी वाचून दाखवत गेलो. चौथ्या परिच्छेदात होतं: ‘माझ्या हिश्श्याचा मोबदला मला यापूर्वीच रोखीने पोचला असून माझी काही तक्रार नाही.’

“पोचला का?” मी विचारलं.

त्या काही बोलल्या नाहीत. पर्समधून चष्मा काढला, कागद स्वतःकडे ओढला. तेवढ्यात फोन वाजला, पडद्यावर ‘दादा’. त्यांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “वाजू दे. चौथं परत वाचा, सावकाश.”