स्टेशन आले, वस्ती कधी येणार?

नवे स्टेशन सुरू झाले की वर्तमानपत्रात फीत कापल्याचा फोटो येतो आणि शेजारी फ्लॅटची जाहिरात: ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर!’ पण ती पाच मिनिटे रात्री नऊ वाजता एकट्या बाईला चालायची असतील तर? नव्या वस्तीची खरी परीक्षा तिथे होते, असे माझे मत आहे.

नवी मुंबईचेच उदाहरण घेऊ. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. रेल्वे मात्र वाशीला पोचली १९९२ मध्ये. तोवर वाशीकर बायकांनी बसच्या भरवशावर दिवस काढले. स्टेशनभोवती शहर उभारण्याची कल्पना चांगलीच आहे. जिच्याकडे स्वतःची गाडी नाही, तिला तर ती सर्वांत सोयीची.

पण या आराखड्यात गृहीत धरलेला प्रवासी कोण? सकाळी कामावर जाणारा आणि संध्याकाळी सरळ घरी येणारा पुरुष. बाईची वाट अशी सरळ नसते. मुलाला पाळणाघरात सोडून ती गाडी पकडते. परतताना भाजी, दळण, सासूचे औषध घेऊन, मुलाला कडेवर घेऊन घरी पोचते. तिच्या इतक्या थांब्यांपैकी आराखड्यात एकच असतो, रेल्वेचा.

उलव्यात मी घरकामगार बायकांच्या बैठका घेते. तिथे खारकोपरपर्यंत लोकल २०१८ मध्ये आली, पुढे उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये. सुरुवातीला इमारती उंच, रस्ते रुंद, पण संध्याकाळनंतर माणूस दिसत नसे. ही वस्ती जिवंत केली कोणी? आधी बांधकाम मजुरांनी पत्र्याच्या खोल्यांत संसार मांडले. मग वॉचमनच्या बायका चार घरची धुणीभांडी करू लागल्या. आजूबाजूच्या गावांतल्या आगरी-कोळी बायका मासळीच्या पाट्या घेऊन रस्त्याकडेला बसू लागल्या. कुणी वडापावची गाडी लावली, कुणी राहत्या घरात पाळणाघर सुरू केले. भाजीवालीचा दिवा जिथे रात्री दहापर्यंत जळतो, त्याच रस्त्याने बायका घरी येतात. बैठकीत एकजण म्हणाली, “ताई, पोलीस चौकी लांब आहे, पण मावशी कोपऱ्यावर असते ना!”

आणि नेमके याच मावशीला ‘अतिक्रमण’ ठरवून उठवले जाते. पाटी जप्त होते, मासळी नासते, भांडवल बुडते. उठवण्याच्या मागणीच्या अर्जांवर सोसायट्यांतल्या आपल्याच काही मैत्रिणींच्या सह्या असतात, हेही खरे आहे.

मैत्रिणींनो, ही जमीन काही मोकळी पडलेली नव्हती. ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर आखले गेले. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात मोबदल्यासाठी लढणारे पाचजण पोलीस गोळीबारात हुतात्मे झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. पण भूखंड मिळतो तो ज्याच्या नावावर जमीन होती त्याला. लावणी करणाऱ्या, मासळी विकणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर क्वचितच असे. तिची शेती गेली. आता पाटीही जायची का?

माझे म्हणणे साधे आहे. स्टेशनच्या आराखड्यातच विक्रेत्या बायकांना ओटे द्या. रात्री उशिरापर्यंत उघडे राहणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह, पाळणाघराला जागा आणि उजेडातला रिक्षा-थांबा द्या. ही मेहेरबानी नव्हे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीतल्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींमध्ये एक तृतीयांश स्त्रिया असायला हव्यात. आपल्या भागात ही समिती आहे का, आणि असल्यास त्या बायका तिथे बोलतात की फक्त सही करतात, याची चौकशी आपल्या गटांनी करायला हवी.

विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात, तेव्हा बिल्डर आणि त्यांचे वकील वेळेवर हजर असतात. आपण तिथे जातो का? पुढच्या वेळी जाऊ, आणि मावशीलाही बरोबर नेऊ. वस्ती कशी वसते, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक आहे?