दुहेरी अवतरणचिन्हात नेमकं कोण बोलतं?

विरामचिन्हं शिकवताना आपण मुलांना सांगतो की बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहायचे असतील तर दुहेरी अवतरणचिन्ह द्यायचं. मुलं ते बरोबर सोडवतात. पण त्याच शाळेच्या भिंतीवर आणि जयंतीच्या भाषणात आपण मोठी माणसं हा नियम पाळत नाही.

सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे लिंकनचं हेडमास्तरांना पत्र. वसंत बापटांच्या मराठी रूपामुळे ते कितीतरी शाळांत फ्रेम करून लावलेलं असतं. लिंकन यांनी ते लिहिल्याचा पुरावा मात्र नाही. त्यांच्या पत्रांचे आणि भाषणांचे खंड १९५३ मध्ये छापले गेले, त्यांत हे पत्र नाही. मग फ्रेम उतरवायची का? माझ्या मते नाही. मजकूर चांगला आहे, राहू द्या. खाली 'मराठी रूप : वसंत बापट, मूळ लेखक अज्ञात' एवढं लिहा.

मला जास्त टोचतं ते जोतीराव फुल्यांचं उदाहरण. 'शेतकऱ्याचा असूड'च्या सुरुवातीच्या ओळी आपल्याला पाठ असतात. विद्या नसल्यामुळे एकामागून एक काय काय गेलं, याची ती साखळी शूद्रांच्या खचण्यापर्यंत पोचते. काही फलकांवर नेमकी हीच ओळ गाळलेली मी पाहिली आहे. जागा कमी पडली असेल, किंवा कुणाला तो शब्द नको असेल. पण ती ओळ गेली की व्यवस्थेवरचा आरोप जातो आणि 'अभ्यास करा' छाप सुविचार उरतो. नाव मात्र खाली जोतीरावांचंच! गाळायचंच असेल तर तीन टिंबं तरी द्या.

बाबासाहेबांच्या नागपूरच्या १९४२ च्या इंग्रजी भाषणात शिक्षणानंतर संघर्ष येतो आणि मग संघटन. आपल्या मराठी घोषणेत शेवटचे दोन शब्द उलटे झालेत. त्याने अर्थ बदलतो का, यावर खुशाल वाद घाला, पण मूळ क्रम आधी माहीत हवा.

घरीही हेच चालतं. पोर सांगतं, "बाई म्हणाल्या, तुला काही येत नाही." बाईंचं वाक्य असतं, "तुला अजून हातच्याची वजाबाकी येत नाही, उद्या पुन्हा करू." पोर खोटं बोलत नाही. त्याला जेवढं लागलं, तेवढंच त्याने घरी आणलं. पालकांनी शाळेत येण्याआधी "बाईंचे शब्द नक्की कोणते?" एवढं शांतपणे विचारावं. आणि आपणही पालकसभेत "तुमचा मुलगाच म्हणाला" असं सांगताना त्याचं पूर्ण वाक्य सांगावं. त्या वाक्यावरून घरी त्याला मार बसू शकतो.

तिसरी-चौथीला एक खेळ घेऊन बघा. एकाने आपल्या मताचं एक वाक्य बोलायचं, दुसऱ्याने ते अवतरणचिन्हात लिहायचं आणि बोलणाऱ्याने तपासायचं. पाच मिनिटांत भांडण सुरू होतं, "मी 'कधीकधी' म्हणालो होतो, तू 'नेहमी' का लिहिलंस?" हे भांडण मात्र लगेच मिटवायला जाऊ नका.