मुक्या सोबत्याचे लाकडी चित्र

घरचा कुत्रा कायमचा गेल्यावर त्याची आठवण छायाचित्राप्रमाणेच लाकडातही जपता येते. पंधराव्या शतकात इटलीत बहरलेल्या या कलेला ‘इंटार्सिया’ म्हणतात. म्हैसूरच्या जडावकामात शिसमाच्या फळीत खोबणी करून तुकडे बसवतात. इंटार्सियाच्या आजच्या रीतीत मात्र निरनिराळ्या लाकडांचे तुकडे एकमेकांना भिडवून चित्र उभे करतात. रंग देत नाहीत. लाकडाचा रंग हाच चित्राचा रंग.

गोंदिया जिल्ह्याची वने या कामाला जणू रंगपेटीच पुरवतात. पिवळसर हळदू, फिकट सिवण, सोनेरी तपकिरी साग, गडद शिसम. ज्या तेंदूच्या पानांवर येथील बिडीचा व्यापार वाढला, त्याच झाडाचा काळा गाभा कुत्र्याचे नाक आणि बुबुळे यांसाठी शोभतो. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. आरागिरणीतील उरलेले तुकडे पुरतात. छायाचित्रावरून रेखाटन करून प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा. केस ज्या दिशेने वळतात, त्याच दिशेने लाकडाचे रेषे ठेवावेत. बारीक पात्याच्या करवतीने तुकडे कापावेत आणि कानस व पॉलिशपेपरने कडा गोल कराव्यात.

खरा विचार करावा लागतो तो चिकटवताना आणि चकाकी देताना. सुतारांचा जुना सरस जनावरांची कातडी व हाडे उकळून बनतो. चपड्याचे पॉलिश लाखेपासून होते आणि लाख मिळवताना असंख्य किडे मरतात. लाखेचे कारखाने गोंदियाला नवे नाहीत, म्हणून हे पॉलिश येथे सहज निवडले जाते. एका मुक्या जिवाच्या आठवणीसाठी इतरांचे प्राण का जावेत?

पर्याय जवळच आहेत. महुव्यात जन्मलेल्या बळवंत पारेख यांनी १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आणला. कृत्रिम रेझिनच्या या डिंकाने तुकडे प्लायवूडवर पक्के बसतात. चकाकीसाठी विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे तेल सुती कापडाने पातळ लावून, काही दिवस वाळू द्यावे. तेलकट चिंध्यांचा मात्र ढीग ठेवू नये. त्या आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

चित्र थेट उन्हापासून दूर लावावे, म्हणजे लाकडाचे रंग अधिक काळ टिकतात. अशा चित्राकडे पाहताना घरातील मुलांना त्या सोबत्याचे प्रेम आठवेल आणि ते कोणालाही न दुखवता जपले गेले, हेही कळेल.