गोमंतक, पाँडिचेरी आणि चौदा वर्षांचा धीर

डिसेंबरची १९ तारीख जवळ आली, की एक जुना प्रश्न पुन्हा ऐकू येतो. जे गोमंतक १९६१ साली आपल्या सैन्याने दोन दिवसांच्या आत मोकळे केले, ते १९४७ सालीच का केले नाही? विचारणारा बहुधा उत्तरही घेऊनच आलेला असतो: सरकार नेभळट, तत्त्वज्ञान पोकळ, आणि चौदा वर्षे फुकट. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे आणि ज्या शहरी १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यसमितीने इंग्रजांस चालते होण्यास सांगणारा ठराव केला, तेथील वाचकांनी तरी हा निकाल चौकशीवाचून मान्य करू नये.

नव्या प्रजासत्ताकापुढे युरोपातील दोन सत्ता उभ्या होत्या. पैकी फ्रान्सने चंद्रनगरात १९४९ साली लोकमत घेतले आणि पुढील वर्षी ते शहर सोडले. पाँडिचेरीस मात्र वेळ लागला. मे १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या पराभवाने फ्रान्सचे पूर्वेकडील साम्राज्य खचले, इकडे दिल्लीनेही जकातनाके आवळले, आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला किळूर येथे १७८ लोकप्रतिनिधींपैकी १७० जणांनी भारताच्या बाजूने मत दिले. १ नोव्हेंबरला कारभार हाती आला. तहावर फ्रेंच कायदेमंडळाचे शिक्कामोर्तब झाले ते १९६२ साली. म्हणजे कागदोपत्री पाँडिचेरी गोमंतकाच्याही मागून आपली झाली. पण त्या कागदासाठी कोणी अडून बसले नाही, आणि फ्रान्सशी वैरही आले नाही.

हाच धीर पोर्तुगालपुढे का फळला नाही? कारण फ्रान्सच्या मंत्र्यांस आपल्या मतदारांपुढे उभे राहावे लागे. सालाझारला कोणापुढेच उभे राहावयाचे नव्हते. फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने बोलणी मागितली, ती नाकारली गेली. १९५१ साली लिस्बनने घटनाच बदलली आणि वसाहतींस ‘सागरापलीकडील प्रांत’ हे नवे नाव दिले. नाव बदलून वस्तू बदलते असे मानणारे सरकार समोर असले, म्हणजे वकिलाने काय करावे? जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली.

येथवर दिल्लीस दोष देण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. दोष आहे तो पुढील सहा वर्षांचा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसांहून अधिक माणसे मेली. त्यानंतर सरकारने काय केले? सत्याग्रह्यांस सीमेवर अडविले, आणि स्वतःही पुढे गेले नाही. नाकेबंदी तेवढी केली. मुरगावची आगगाडी थांबली, मुंबईतील गोमंतकीयांस घरी पैसे पाठविणे दुष्कर झाले. व्यापारी वाचकांस हे सांगावयास नको, की ज्या बंदरास समुद्र मोकळा आहे त्याची जमिनीवरून केलेली नाकेबंदी अर्धीच असते. तांदूळ आणि बटाटे जहाजांतून आले, खाणींचे लोखंडी खनिज जपान व जर्मनीस जातच राहिले. लिस्बनचे फारसे बिघडले नाही. बिघडले ते गावच्या आईबापांचे.

तरीही ती वर्षे सर्वस्वी वाया गेली नाहीत. दादरा व नगरहवेली १९५४ मध्ये मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात धाव घेतली. एप्रिल १९६० च्या निकालाने खासगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांपुरता त्याचा वाटेचा हक्क मान्य केला. सैन्य नेण्याचा हक्क नाकारला, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही असेही सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी पोर्तुगालचे ‘प्रांत’ हे परतंत्र मुलूखच होत असे ठरविले. १९४७ साली यांपैकी काहीच हाताशी नव्हते, आणि काश्मीरचे युद्ध मात्र दाराशी होते.

सैन्य शिरताच सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आदी सात राष्ट्रांनी भारताविरुद्ध मत दिले. तो ठराव रशियाच्या नकाराधिकाराने पडला. गांधींच्या देशाने शस्त्र उचलले म्हणून त्या वेळी पुष्कळ अश्रू ढाळले गेले. १९५५ च्या गोळीबाराच्या वेळी हे अश्रू कोठे होते, हे विचारण्याचा हक्क सेवाग्रामच्या शेजाऱ्यांस आहे. आणखी थांबले असते तर काय झाले असते, याचेही उत्तर इतिहासाने देऊन ठेवले आहे. गोमंतक भारताचे आहे हे लिस्बनने मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ रोजी, तेथील हुकूमशाही कोसळल्यावर. चौदांच्या जागी सत्तावीस वर्षे झाली असती.

आणि विजयाचा हिशेब मांडताना आणखी एक तारीख विसरली जाते. १९५५ साली पकडले गेलेले सांगलीचे मोहन रानडे पणजीवर तिरंगा चढला तेव्हा पोर्तुगालच्या तुरुंगात होते. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये.