फुले सरल्यानंतर

बीड जिल्ह्यात मृगाचा पाऊस वेळेवर झाला, म्हणजे शाळा उघडण्याच्या सुमारास बागेतील पावसाळी लिलीला कळ्या येऊ लागतात. चांगली सर येऊन गेली की चार-सहा दिवसांत हिरव्या पात्यांच्या झुबक्यांतून गुलाबी, पांढरी किंवा पिवळी फुले डोके वर काढतात. एकेक फूल एक-दोन दिवसच टिकते. पण पाऊस येत राहिला तर नवी फुले येत राहतात, आणि भाद्रपदापर्यंत वाफा शोभिवंत दिसतो.

पुढे पाऊस ओसरतो. कळ्या येणे थांबते. ओल आटत जाते, तशी पाने लोळू लागतात आणि पिवळी पडतात. अशा वेळी पुष्कळांना वाटते की, या झाडांचे काम संपले. मग कोणी पाने कापून टाकतो, कोणी कांदे उपटून फेकतो, कोणी वाफा झाडून लख्ख करतो. बाग स्वच्छ दिसावी, हा त्यांचा हेतू चांगला असतो. तरीही ही रीत चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे पहिले कारण जमिनीखाली आहे. लिलीचा कांदा म्हणजे तिचे कोठार होय. पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि ते या कोठारात साठवले जाते. फुले येताना साठ्याचा बराचसा भाग खर्च होतो. तो पुन्हा भरून काढण्याचे काम फुले सरल्यानंतरच्या दिवसांत पानांना करावे लागते. हिरवी पाने कापली, तर कांदा दुबळा राहतो आणि पुढच्या वर्षी फुले कमी येतात. म्हणून पाने आपोआप वाळेपर्यंत थांबावे. वाळलेले पान हलक्या हाताने ओढताच सुटून येते. तीच ते काढण्याची योग्य वेळ.

आपल्या महाराष्ट्रातील रानांत वाढणारी कळलावी याच रीतीने जगते. पावसाळ्यात तिचा वेल वर चढतो, पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारखी फुले येतात, आणि पावसाळा सरल्यावर सारा वेल वाळून जातो. जमिनीतील कंद मात्र पुढील पावसाची वाट पाहत निजून राहतो. वेल वाळला म्हणून ती मेली, असे समजणे म्हणजे निजलेल्या माणसाला मृत म्हणण्यासारखे आहे. कळलावी सर्वांगाने विषारी असते. तिचा कंद रानातून खणून आणू नये.

दुसरे कारण आपल्या मातीचे आणि पाण्याचे आहे. बीड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही दरवर्षी सारखा पडत नाही. १९७२ सालचा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. २०१५ सालच्या टंचाईत गावोगावी टँकरने पाणी आणावे लागले. अशा मुलखात उघडी माती म्हणजे ओलाव्याची उधळपट्टी होय. गोदाकाठची काळी जमीन उघडी राहिली की तापते, तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. बालाघाटाच्या उतारावरील हलकी, मुरमाड माती परतीच्या पावसाच्या जोरदार सरीबरोबर वाहून जाते. रिकामा वाफा नीटनेटका दिसतो खरा, पण त्यात दररोज काही ना काही हरवत असते.

मग या मोकळ्या जागेत काय लावावे? याचे उत्तर आपल्या शेतकऱ्यांनी फार पूर्वीच दिले आहे. ते बाजरीच्या ओळींमध्ये तूर पेरतात. बाजरी लवकर तयार होते. तिची कापणी झाली तरी शेत ओके पडत नाही, कारण मागे तूर उभी असते. एकाचे काम संपण्याआधीच दुसऱ्याची तयारी असावी, हे शहाणपण बागेतही उपयोगी पडते.

श्रावणात वाफ्याच्या मागच्या कडेला हातभर अंतरावर झेंडूची रोपे लावावीत. लिलीची फुले सरतात, त्या सुमारास झेंडू बहरू लागतो, आणि दसरा-दिवाळीला दारचे तोरण घरच्या फुलांचे होते. पुढच्या बाजूला सदाफुली लावावी. ती थोड्या पाण्यावरही तग धरते. आश्विन-कार्तिकात लिलीच्या ओळींमध्ये मेथी किंवा कोथिंबीर पेरावी. त्यांची मुळे कांद्यांना त्रास देत नाहीत, आणि मेथीची भाजी महिनाभरात हाती येते. मात्र या वाफ्यात कांद्याची पात किंवा लसूण कधीही लावू नये. लिलीची पाने आणि कांदे यांच्यासारखेच दिसतात. ते चुकून खाल्ले गेले, तर ओकाऱ्या होऊन माणूस आजारी पडतो. दिसण्यात साम्य असलेली खाण्याची आणि न खाण्याची झाडे शेजारी ठेवणे धोक्याचे असते.

कोणी विचारील, “जिथे पिण्याच्या पाण्याची ओढ, तिथे फुलझाडांसाठी पाणी कोठून आणावे?” हा आक्षेप खरा आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. म्हणूनच प्रत्येक मोकळी जागा झाडानेच भरावी, असा माझा आग्रह नाही. पावसाळ्यात लिलीला वेगळे पाणी लागत नाही. हिवाळ्यात भाजी धुतलेले किंवा शाळेच्या टाकीपाशी सांडणारे पाणी या लहान वाफ्याला पुरू शकते. चैत्र-वैशाखात तर तिथे काहीच लावू नये. त्या वेळी कडुनिंबाचा पालापाचोळा आणि वाळलेले गवत यांचा चार बोटे जाड थर वाफ्यावर पसरावा. मातीची सावली होते, ओल टिकते आणि खाली कांदे सुखाने निजतात. जो पाचोळा आपण गोळा करून जाळतो, तोच मातीचे पांघरूण होऊ शकतो.

वाफ्याच्या चार कोपऱ्यांना चार काठ्या रोवून ठेवाव्यात, म्हणजे खाली कांदे आहेत हे विसरून कोणी तिथे कुदळ मारणार नाही. तीन-चार वर्षांनी गर्दी झाली की पावसाळ्याच्या तोंडाशी कांदे काढून वेगळे करावेत. एका वाफ्याचे दोन वाफे होतात, आणि उरलेले कांदे शेजारच्या शाळेला देता येतात.

फुलांनी डवरलेल्या झाडाचे कौतुक कोणीही करतो. ते वाळू लागले म्हणजे त्याची राखण करणारे थोडे असतात. मुलांनो, तुमच्या शाळेतील लिलीची फुले सरतील तेव्हा तो वाफा उपटू नका आणि उघडाही ठेवू नका. पुढच्या मृगात त्याच मातीतून कळ्या वर येतील. तोवर तिथल्या मातीला आणि ओलीला जपणे हे आपले काम आहे.