दाखला तपासा, जात चव्हाट्यावर मांडू नका!

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात 2022 साली सुमारे 65 हजार जातप्रमाणपत्रे ‘पॉलिगॉन’ या ब्लॉकचेनशी जोडण्याचा उपक्रम जाहीर झाला. त्याचे देशभर कौतुक झाले. हेतूबद्दल आमची तक्रार नाही. बोगस दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा कशा पळवल्या, हे विदर्भाला सांगायला नको. खोट्या दाखल्यावर लाटलेल्या नोकरीला वा प्रवेशाला संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जगदीश बहिरा प्रकरणात 2017 साली बजावले आहे. तेव्हा खाडाखोड न होणारी वही शासनाला हवीशी वाटणे साहजिकच!

पण ही वही उघडी आहे. सार्वजनिक ब्लॉकचेनवरील नोंद जगात कोणीही वाचू शकतो. यावर जाणकारांचे ठरलेले उत्तर असते की, साखळीवर दाखला नव्हे, त्याचा फक्त ‘हॅश’ ठेवावा. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. ठशावरून मजकूर उलटा काढता येत नाही, हे खरे. पण अंदाज तर बांधता येतो ना? एखाद्या गावात माणसे किती? त्यांची नावे मतदार यादीत आहेत आणि तालुक्यातील जाती-जमाती मोजक्या. प्रत्येक नावापुढे एकेक जात लावून ठसा काढत जायचे. जुळला की जात कळली. ठरावीक नमुन्यातील दाखल्यासाठी संगणकाला हे काम अवघड नाही. म्हणून प्रत्येक दाखल्यात एक लांबलचक गुप्त आकडा मिसळून मगच ठसा काढला पाहिजे. तो आकडा दाखलाधारकाच्या हाती राहिला पाहिजे.

त्याहून मोठा प्रश्न दाखवायचे किती, हा आहे. वसतिगृहाच्या बाबूला एवढेच हवे असते की, समोरचा विद्यार्थी अनुसूचित जमातीचा आहे आणि त्याचा दाखला वैध आहे. तो माडिया की परधान, याच्याशी त्याला काय करायचे? एवढीच बाब सिद्ध करून बाकी काहीही न उघडणारे गणित आज उपलब्ध आहे. त्याला शून्य-ज्ञान पुरावा म्हणतात. हे जड काम, गरिबाच्या फोनवर चालणार नाही, ही सबब पूर्वी खरी होती. व्यवहार झाकणाऱ्या ‘झीकॅश’ या चलनात असा पुरावा बनवायला आरंभी 3 जीबीहून अधिक स्मृती लागे. 2018 च्या सुधारणेनंतर ती सुमारे 40 एमबीवर आली आणि वेळ काही सेकंदांवर. पैसेवाल्यांचे व्यवहार झाकायला एवढी बुद्धी खर्च होते, मग आदिवासी पोराची जात झाकायला का नको?

कोणी म्हणेल, जात सांगायची लाज वाटते काय? लाज विचारणाऱ्याला वाटावी! 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली. तिथे लोकांनी जात टाकली. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या खऱ्या, पण त्यासाठी टाकलेल्या जातीचाच कागद जपावा लागतो. तो कागद कोणाला दाखवायचा, हे ठरवण्याचा अधिकार तरी आमचा असू द्या. पुट्टस्वामी निकालाने (2017) खासगीपणा मूलभूत हक्क मानला. श्रीकृष्ण समितीच्या 2018 च्या मसुद्यात जात-जमात ही संवेदनशील माहिती होती. 2023 च्या कायद्यात तो वर्गच गायब झाला. कोणाच्या सोयीसाठी?

आणखी एक. साखळी एवढेच सांगते की दाखला कार्यालयाने दिला. तो खरा की खोटा, हे पडताळणी समितीच ठरवणार. महाराष्ट्राच्या जातप्रमाणपत्र कायद्याच्या कलम 7 नुसार खोटा दाखला रद्द होतो. मग न पुसणाऱ्या वहीत रद्द झाल्याची नोंद कशी दिसणार, याची सोय आधीच हवी. 2023 च्या कायद्याने दिलेला माहिती पुसून घेण्याचा हक्क तर साखळीवर थेट बजावताच येत नाही. म्हणून नाव, गाव, जात यांपैकी काहीही साखळीवर जाता कामा नये.

दाखले साखळीवर नेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाकडे आमची मागणी आहे : साखळीवर नेमके काय लिहिले जाते ते मराठीत आणि गोंडी-माडियात लोकांना सांगा, यंत्रणेची त्रयस्थ तपासणी करा, आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याचा कागदी दाखला पूर्वीसारखाच चालू ठेवा.