बेळगावच्या मापाने बेल्जियम

येत्या सप्टेंबरात मी पुढील शिक्षणासाठी बेल्जियममधील लुव्हेन या गावी जाणार आहे. ही बातमी कॉलेजात पसरल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, थंडी किती? दुसरा, खर्च किती? घरीही निराळे काही नाही. वडिलांनी एक दोनशे पानी वही आणून दिली आणि मी तिच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे ‘इथे’ व उजवीकडे ‘तिथे’ असे दोन रकाने पाडले. परदेशी निघालेला प्रत्येक मनुष्य अशी वही करतो. कोणी कागदावर करतो, कोणी मनात.

पहिली पाने भराभर भरली. बेळगावचा पाऊस जूनमध्ये येतो, चार महिने छत्र्या मोडतो आणि दसऱ्याच्या सुमारास निरोप घेतो. लुव्हेनचा पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो. वर्षाची बेरीज केली तर तो आपल्यापेक्षा कमीच भरतो. डिसेंबरात तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. बटाटा दोन्हीकडे मुबलक आणि दोन्हीकडे अभिमानाचा. आईने कांद्याचा भाव विचारला. मी युरोला शंभराने गुणून सांगितला, तेव्हा त्या रात्री ती जेवताना फारशी बोलली नाही. (गुणाकार करताना तिथली कमाईही गुणायची असते, हे आपण सगळेच सोयीने विसरतो.)

क्षेत्रफळाच्या रकान्यापाशी मात्र मी थबकलो. बेल्जियम म्हणजे सुमारे साडेतीस हजार चौरस किलोमीटर. आपला बेळगाव जिल्हा १३,४१५. म्हणजे आपल्यासारखे सव्वादोन जिल्हे जोडले की झाला एक देश! वस्तीची दाटीही जवळजवळ आपल्याइतकीच. मग वाटले, ज्याला जिल्ह्याच्या मापाने मोजता येते त्या देशाची तुलना कांद्याबटाट्यांवर कशाला थांबवायची? आणि बेळगावच्या माणसाने बेल्जियमविषयी वाचायला घेतले की तो कुठे जाऊन पोचणार हे सांगायला नकोच. तो सीमाप्रश्नावरच पोचतो.

त्या देशात उत्तरेला डच भाषा, दक्षिणेला फ्रेंच, पूर्वेच्या एका कोपऱ्यात जर्मन आणि राजधानी ब्रुसेल्स द्विभाषिक. भाषांची सीमा १९६२–६३ च्या कायद्यांनी आखली गेली. मी जाणार ते लुव्हेन डच मुलखात. पण तिथल्या जुन्या विद्यापीठात फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत शिकवीत असत. आपल्या मुलखातले हे गाव हळूहळू फ्रेंच होऊन जाईल, अशी डच भाषकांना धास्ती वाटू लागली. १९६८ च्या आरंभी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारीत त्या प्रश्नावर देशाचे सरकार कोसळले. पुढे विद्यापीठच दुभंगले. फ्रेंच शाखेसाठी पंचवीस-तीस किलोमीटरवर शेतजमिनीत एक नवे गाव वसविण्यात आले. तेच लूवाँ-ला-नव्ह. ग्रंथालयाचीही वाटणी झाली, तीही पुस्तकांच्या सम-विषम क्रमांकांवरून! १९१४ साली जर्मन सैन्याने जाळलेले, पुन्हा उभे राहिलेले आणि १९४० साली पुन्हा जळालेले हे ग्रंथालय. दोन आगींतून जे सावरले, त्याची वाटणी शेवटी घरच्यांनीच केली. हे वाचले त्या दिवशी मी वहीत काहीच लिहिले नाही.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत मी कॅन्टीनमध्ये सांगितली आणि पस्तावलो. माझा एक मराठी मित्र टेबलावर हात आपटून म्हणाला, “बघ! तिथे १९६३ साली व्हुरेनची सहा गावे एका प्रांतातून काढून दुसऱ्या प्रांतात घातली. मग आमचीच गावे का अडकून पडावीत?” शेजारी बसलेला कन्नड मित्र तितक्याच शांतपणे म्हणाला, “आणि हेही बघ, तिथे ज्या मुलखात राहायचे त्या मुलखाची भाषा कारभारात मानायची. मग इथे तक्रार कशाला?” दोघांनीही बेल्जियम साक्षीदार म्हणून उभा केला, आणि दोघांचीही साक्ष अर्धीच होती.

व्हुरेनची गावे हलली हे खरे, पण तिथल्या बहुसंख्यांना ते नको होते. भांडण मिटण्याऐवजी पंचवीस वर्षे धुमसत राहिले, आणि डच येते की नाही हे दाखवून द्यायला नकार देणाऱ्या तिथल्या एका नगराध्यक्षापायी १९८७ साली देशाचे सरकार पडले. गाव नकाशावर उचलून दुसरीकडे ठेवता येते. गावातली माणसे तशी ठेवता येत नाहीत. आता दुसऱ्या मित्राचे. मुलखाची भाषा हा नियम खरा, पण सीमेवरील काही ठरावीक गावांत अल्पसंख्यांना आपल्या भाषेत सरकारी कागद मागण्याचा हक्क त्याच कायद्याने दिला आहे. आपल्याकडेही जिथे भाषिक अल्पसंख्य १५ टक्के वा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे फार पूर्वी ठरलेले आहे. ठरलेले असणे आणि कचेरीच्या खिडकीत मिळणे यांत किती अंतर असते ते खानापूर-निपाणीकडच्या वाचकांना मी काय सांगावे!

आणखी एक गोष्ट दोघांनाही ठाऊक नव्हती. १९४७ नंतर बेल्जियमच्या जनगणनेत भाषेचा प्रश्नच विचारलेला नाही. १९६१ साली कायद्याने तो काढून टाकला. कारण प्रत्येक मोजणीनंतर सीमा सरके आणि भांडण पेटे. आपले सारे वाद तर टक्क्यांवर उभे. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात लावलेला दावा, कुठेही पाहा, कोणत्या गावात कोण किती हेच आधी येते. न मोजणे हा उपाय आपल्याला चालेल असे मला वाटत नाही. ज्याची गणतीच होत नाही त्याच्या पदरी काही पडत नाही, हा आपला अनुभव. शिवाय तिथली मूळ दुखणी निराळी होती. डच बोलणारे संख्येने जास्त, तरी शंभर वर्षे कोर्ट-कचेरी आणि उच्चशिक्षण फ्रेंचमध्ये. गेंट विद्यापीठ डच भाषेचे झाले ते १९३० साली. देशाच्या राज्यघटनेची अधिकृत डच प्रत निघाली ती तर १९६७ साली. मराठी आणि कन्नड यांचे भांडण तसेच्या तसे नाही. म्हणून माझे मत असे की, परदेशाचा दाखला आपल्या भांडणात जपून वापरावा. जो तो आपल्याला हवे तेवढेच पान फाडून आणतो.

याच वाचनात फादर कामिल बुल्के पुन्हा भेटले. हिंदीच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव माहीत आहे. १९०९ साली बेल्जियमच्या डच मुलखात जन्मलेले बुल्के याच लुव्हेनला इंजिनियरिंग शिकले. आपल्याच गावात आपली भाषा कमीपणाची ठरते हे त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले होते. १९३५ साली ते भारतात आले, हिंदी शिकले, आणि अलाहाबाद विद्यापीठात रामकथेवरचा प्रबंध हिंदीतच लिहीन असा आग्रह धरून त्यांनी तो हिंदीत लिहिला. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश निघाला १९६८ साली, म्हणजे तिकडे त्यांचे विद्यापीठ दुभंगत होते त्याच वर्षी. स्वतःच्या भाषेचा अपमान सोसलेला मनुष्य दुसऱ्याची भाषा इतक्या मायेने शिकतो, हे मला त्या सगळ्या कायद्यांपेक्षा जास्त अडचणीत टाकून गेले.

अडचणीत अशासाठी की, मी सध्या रोज सकाळी तासभर डच शिकतो. तिथले वर्ग इंग्रजीत आहेत. डचवाचून माझे काही अडणार नाही. तरी ‘त्यांच्या देशात जायचे तर त्यांची भाषा यायला हवी’ असे मी मोठ्या तोंडाने सर्वांना सांगतो. आणि कन्नड? शाळेत विषय होता. पास होण्यापुरते गुण मिळाले, परीक्षा संपली, विषय संपला. आमच्या भिंतीला भिंत लागून कन्नड बिऱ्हाड आहे. तिथल्या अज्जी मी लहान असल्यापासून “ऊटा आतेनु?” म्हणून विचारतात. मी मान हलवतो. वीस वर्षांत माझे उत्तर मानेच्या पुढे गेलेले नाही. आपल्या या वार्षिक अंकातही मराठी विभाग आधी आणि कन्नड विभाग नंतर असतो. तो दुसरा विभाग मी आजवर फोटो पाहण्यापुरताच उघडला आहे. कन्नड मित्रांनीही मराठी विभागाचे असेच केले असेल, पण तो त्यांचा हिशेब.

खानापूर तालुक्यात आमची थोडी शेती आहे. तिचा उतारा कन्नडमध्ये येतो. (गंमत म्हणजे उत्तर कर्नाटकातले कन्नड लोकही त्याला उताराच म्हणतात.) गेल्या वर्षी त्यातले एक नाव चुकले, तेव्हा वडिलांनी कचेरीत चार खेपा घातल्या. मराठीत प्रत मागितली, मिळाली नाही. ती मिळायला हवी होती, हे मी आजही ठासून म्हणेन. पण शेवटी तो कागद अज्जींच्या नातवाने वाचून दाखवला, आणि मी, पदव्युत्तर विद्यार्थी, शेजारी उभा राहून ऐकत होतो. ‘इथे’ हा रकाना मी न विचारता भराभर लिहीत आलो, कारण तो मला पाठ आहे असे मी धरून चाललो होतो.

त्या वहीचे आता उलटेच झाले आहे. ‘तिथे’ची बाजू जवळजवळ भरली, थंडीचे कपडे, बँकेचे कागद, व्हिसाच्या तारखा सगळे आहे. डावी बाजू रिकामी दिसू लागली. अज्जींच्या नातवाला पकडून रात्री अर्धा तास अक्षरे गिरवायला बसतो. तो माझ्या ‘ळ’ला हसतो. मी त्याला त्या बदल्यात रसायनशास्त्र शिकवतो, तेव्हा हसायची पाळी माझी असते. परवा तो जुना उतारा काढून समोर ठेवला. आजोबांचे नाव मी स्वतः वाचले. त्यापुढचा रकाना अजून अडतो.